प्रवासांतील छायाचित्रें आणि पोलरायझर

दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुटी संपली म्हणजे प्रवासाहून परतलेलें कुटुंब आपलीं छायाचित्रें पाहावयास बसतें, आणि त्या वेळीं एक तक्रार पुष्कळ घरांतून ऐकूं येते. डोंगर मनासारखा आला, माणसें नीट आलीं, पण आकाशाचें कांहीं तरी बिघडलें! डावीकडे तें फिकट आहे, मध्येंच शाईसारखा गडद पट्टा आहे, आणि उजवीकडे तें पुन्हां फिकट झालें आहे. जणूं पांढऱ्या धोतरावर निळीचा डाग राहून गेला आहे. मग कॅमेरा नादुरुस्त असल्याचा संशय घेतला जातो, नाहीं तर तो विकणाऱ्या दुकानदाराला दोष दिला जातो. वस्तुतः कॅमेराहि निर्दोष असतो आणि दुकानदारहि. रुंद कोनाच्या भिंगावर चढविलेला पोलरायझर आपल्या धर्मास अनुसरूनच वागलेला असतो. तो धर्म कोणता, प्रवाशानें या साधनाचा उपयोग कोठें करावा आणि कोठें टाळावा, याचा विचार प्रस्तुत भाषणांत करावयाचा आहे.

पोलरायझर म्हणजे भिंगाच्या तोंडावर आट्यांनीं बसणारी करड्या रंगाची कांच. तिची चौकट दुहेरी असते. मागचें कडें भिंगाला घट्ट बसतें आणि पुढचें कडें बोटांनीं फिरवितां येतें. पिवळी किंवा तांबडी गाळणी रंग पाहून प्रकाश अडविते. पोलरायझर रंग पाहत नाहीं. तो प्रकाशाच्या कंपनाची दिशा पाहतो. सूर्याकडून येणाऱ्या प्रकाशाचीं कंपनें त्याच्या मार्गाशीं काटकोन करून सर्व दिशांनीं होत असतात. परंतु तोच प्रकाश पाण्यावरून, पानावरून किंवा कांचेवरून परावर्तित झाला, अथवा हवेच्या रेणूंनीं विखुरला, म्हणजे त्यांतील बरींचशीं कंपनें एकाच दिशेला लागतात. अशा प्रकाशाला ध्रुवित प्रकाश म्हणतात. जुन्या वाड्यांच्या खिडक्यांना उभे गज असत. त्या गजांतून एक दोरी ओंवून तिचें दुसरें टोंक बाहेर बांधावें आणि हातांतील टोंक खालींवर हलवावें. लाट गजांमधून सुखानें पलीकडे जाईल. तेंच टोंक डावीकडे-उजवीकडे हलविलें, तर लाट गजांवर आपटून तेथेंच मरेल. पोलरायझर हे प्रकाशासाठीं बसविलेले असेच गज होत, आणि पुढचें कडें फिरविणें म्हणजे गज उभे करावयाचे कीं आडवे, हें ठरविणें होय.

प्रकाशाचा हा स्वभाव मनुष्याला कळला, तोहि खिडक्यांमुळेंच. १८०८ सालीं पॅरिस येथें एतिएन लुई माल्यूस हा फ्रेंच इंजिनिअर आपल्या घरांतून लक्झेंबर्ग राजवाड्याकडे पाहत होता. मावळता सूर्य राजवाड्याच्या कांचांवर चमकत होता आणि माल्यूसच्या हातांत, एका वस्तूच्या दोन प्रतिमा दाखविणारा कॅल्साइट नांवाचा स्फटिक होता. स्फटिक फिरवितांना त्या दोन प्रतिमांपैकीं कधीं एक तर कधीं दुसरी फिकी पडते, असें त्याला दिसून आलें. परावर्तनानें प्रकाशाच्या अंगीं कांहीं नवा गुण येतो, हें त्यावरून उघड झालें. पुढच्याच वर्षीं आरागो यानें निळ्या आकाशाचा प्रकाशहि असाच ध्रुवित असल्याचें दाखविलें. १८१५ सालीं स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टर यानें, कोणत्या पदार्थावरून कोणत्या कोनांत परावर्तन झालें असतां प्रकाश पूर्णपणें ध्रुवित होतो, याचा नियम सांगितला. हें सारें पाहण्याचें साधन म्हणजे कॅल्साइटचे लोलक. ते लहान आणि महाग असत. १८५२ सालीं ब्रिस्टलचे डॉक्टर विल्यम हेरापाथ यांनीं क्विनाइन आणि आयोडीन यांच्या संयोगापासून होणारे, हाच गुण असलेले स्फटिक वर्णिले. असे असंख्य सूक्ष्म स्फटिक पातळ पटलांत एकाच दिशेनें बसविण्याची युक्ति एडविन लँड या अमेरिकन तरुणानें काढली आणि १९२९ सालीं तिच्या पेटंटसाठीं अर्ज केला. १९३८ सालीं त्यानें स्फटिकांऐवजीं ताणलेल्या प्लॅस्टिकच्या पटलांत आयोडीन मुरविलें. आज प्रवाशाच्या पिशवींत असणारा पोलरायझर त्याच घराण्यांतला आहे.

या गुणाचा प्रवासांत केलेला एक अत्यंत सुंदर उपयोग भारतीय शास्त्रज्ञाच्या नांवावर आहे. १९२१ सालीं चंद्रशेखर वेंकट रामन हे यूरोपहून ‘नर्कुंडा’ जहाजानें परत येत होते. भूमध्य समुद्राच्या गर्द निळाईनें त्यांचें लक्ष वेधून घेतलें. समुद्राची ती निळाई म्हणजे केवळ आकाशाचें प्रतिबिंब, असें लॉर्ड रॅले यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाचें मत होतें. रामन यांच्याजवळ निकॉलचा लोलक होता. त्यांतून योग्य कोनांत पाहून त्यांनीं पाण्यावरील चकाकी नाहींशी केली. प्रतिबिंब गेलें, पण निळाई गेली नाहीं. उलट ती अधिकच खुलली! अर्थात् तो रंग पाण्याच्या रेणूंनींच विखुरलेल्या प्रकाशाचा होता. जहाज मुंबई बंदरांत आल्यावर २६ सप्टेंबर रोजीं त्यांनीं ‘नेचर’ या साप्ताहिकाकडे याविषयीं पत्र धाडलें. विखुरणाऱ्या प्रकाशाच्या या चिंतनाचें फळ १९२८ सालीं ‘रामन परिणामा’च्या रूपानें जगापुढें आलें, आणि १९३० सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. वरची चकाकी बाजूस सारून वस्तूचा स्वतःचा रंग पाहणें, हें त्या लोलकानें केलें; प्रवाशाच्या पोलरायझरचेंहि खरें काम तेंच आहे. परंतु बहुतेक लोक तो विकत घेतात तो आकाश गडद करण्यासाठीं, आणि घोटाळा होतो तो येथेंच.

आकाशाचा प्रकाश सर्वत्र सारखा ध्रुवित नसतो. सूर्यापासून काटकोनांत, म्हणजे ९० अंशांवर, तो सर्वांत अधिक ध्रुवित असतो. सूर्याच्या जवळ आणि सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूस तो जवळजवळ मुळींच ध्रुवित नसतो. ही जागा शोधण्याची एक सोपी रीत आहे. तर्जनी सूर्याकडे रोखावी, अंगठा तिच्याशीं काटकोनांत ताठ धरावा, आणि तर्जनी न हालवितां मनगट फिरवावें. अंगठा आकाशांत जें वर्तुळ काढील, त्या वर्तुळावर पोलरायझरचा जोर सर्वांत अधिक.

आतां भिंगाचा विचार करूं गेल्यास मूळ अडचण ध्यानांत येते. ३५ मिलिमीटर फिल्मच्या मापाच्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरचें भिंग आडव्या चित्रांत सुमारें ४० अंशांचा देखावा घेतें. त्याचा मध्य सूर्यापासून ९० अंशांवर असला, तर कडा ७० आणि ११० अंशांवर येतात. आणि निर्मळ हवेच्या तात्त्विक हिशेबानें तेथील ध्रुवण मध्याच्या मानानें सुमारें चार पंचमांश भरतें. हा फरक डोळ्यांना खुपत नाहीं. २४ मिलिमीटरचें भिंग मात्र सुमारें ७४ अंश घेतें, आणि त्याच्या कडांपाशीं ध्रुवण निम्म्याहून खालीं येतें. १६ मिलिमीटरचें भिंग ९७ अंश पसरतें. तेथें कडांवर जेमतेम पाव हिस्सा उरतो. म्हणजे एकाच कांचेनें मध्यभागीं पुष्कळ प्रकाश अडविला आणि कडांना जवळजवळ तसाच जाऊं दिला. धोतरावरील निळीचा डाग तो हाच. भिंग जितकें रुंद, तितके अधिक कोन एका चित्रांत येतात. आणि पोलरायझर तर कोनाप्रमाणें वागणारा. या दोघांचा स्वभावच जुळत नाहीं, हें मनाशीं ठरवून टाकलें म्हणजे पुढचें सारें सोपें होतें.

हा पट्टा कसा पडेल, हें वेळेवर व स्थळावर अवलंबून असतें. सकाळीं सूर्य पूर्वेस खालीं असतांना ध्रुवणाचें वर्तुळ उत्तरेकडून निघून डोक्यावरून दक्षिणेकडे जातें. अशा वेळीं उत्तरेचा किंवा दक्षिणेचा रुंद देखावा घेतला, तर पट्टा खांबासारखा उभा येतो, आणि तोच सर्वांत कुरूप दिसतो. उलट हिंवाळ्यांत महाराष्ट्रांत भर दुपारीं सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. डिसेंबरच्या अखेरच्या पंधरवड्यांत मुंबईस तो माध्यान्हींहि क्षितिजापासून सुमारें ४८ अंशांपेक्षां फारसा वर जात नाहीं. त्या वेळीं कॅमेरा उत्तरेकडे केला, तर ध्रुवणाचें वर्तुळ उभें न राहतां पसरट कमानीसारखें आडवें येतें, आणि डावी-उजवी बाजू पुष्कळशी सारखी राहते. कोंकणच्या किनाऱ्यावर तर एक निराळीच गंमत होते. तेथें समुद्र पश्चिमेला. सकाळीं समुद्राकडे तोंड केलें तर सूर्य बरोबर पाठीशीं, आणि संध्याकाळीं तो बरोबर समोर. दोन्हीं वेळां समोरच्या आकाशांत ध्रुवण अत्यल्प. मालवणच्या किनाऱ्यावरून सिंधुदुर्गाचें चित्र सकाळीं घेणाऱ्यानें कडें कितीहि फिरविलें, तरी किल्ल्यामागील आकाश जसेंच्या तसें राहील. त्यांत पोलरायझरचा दोष नाहीं.

उंच प्रदेशांत याच्या उलट संकट ओढवतें. लडाखमध्यें पँगाँग सरोवर समुद्रसपाटीपासून ४२०० मीटरांहून अधिक उंच आहे. तेथील हवा विरळ आणि कोरडी असल्यानें आकाश मुळांतच गडद निळें असतें. त्यावर पोलरायझर पूर्ण फिरविला, तर आकाश जवळजवळ काळें उतरतें आणि भर दुपारचें चित्र रात्रीचें वाटूं लागतें. अशा ठिकाणीं कडें पुरतें न फिरवितां मधल्या जागीं थांबवावें, अथवा कांच काढूनच ठेवावी. आकाश चित्रांत थोडेंच घेणें, किंवा तें ढगांनीं तुकड्यातुकड्यांत विभागलेलें असतांना चित्र घेणें, हेहि चांगले उपाय आहेत. ढगांच्या गर्दींत कमी-अधिक निळेपणा लपून जातो.

रुंद भिंगावर पोलरायझरची खरी करामत दिसते ती जमिनीवर. पावसाळ्याच्या अखेरीस साताऱ्याजवळील कासच्या पठाराचें उदाहरण घ्यावें. २०१२ सालीं पश्चिम घाटांतील ज्या ३९ स्थळांचा जागतिक वारशांत समावेश झाला, त्यांत हें पठार आहे. तेथें रुंद भिंग खालीं, फुलांच्या अगदीं जवळ धरून मागचें सारें पठार घेण्याचा मोह कोणास होणार नाहीं? परंतु ओल्या पानांवर आणि कातळावर आकाशाचा पांढरट प्रकाश चमकत असतो, आणि त्याखालीं हिरवा रंग झांकला जातो. कडें हळूहळू फिरवावें. एका जागीं ती पांढरट साय एकाएकीं निघून जाते आणि पान, फूल, शेवाळ, ओला दगड आपापल्या रंगानें पुढें येतात. विशेष म्हणजे यासाठीं ऊन लागत नाहीं. आभाळ पूर्ण भरून आलेलें असलें म्हणजे आकाशांत ध्रुवण उरत नाहीं, पण पानावरून परावर्तित होणारा प्रकाश परावर्तनामुळेंच ध्रुवित होतो. सह्याद्रींतील पावसाळी दिवस हा पोलरायझर पेटींत ठेवण्याचा दिवस आहे, ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. तो दिवस त्याच्या सुगीचा! धातूवरील चकाकी मात्र या कांचेला दाद देत नाहीं. देवळाच्या पितळी कळसावरील तेज कडें फिरवून कमी होणार नाहीं.

पाण्याची गोष्ट जरा निराळी आहे. ब्रूस्टरच्या नियमाप्रमाणें, क्षितिजाखालीं सुमारें ३७ अंशांवर नजर टाकली असतां शांत पाण्यावरून येणारी चकाकी जवळजवळ पूर्ण ध्रुवित असते. २४ मिलिमीटरच्या भिंगानें आडवें चित्र घेतांना क्षितिज वरच्या तिसऱ्या भागाच्या रेषेवर ठेवलें, तर चित्राची खालची कड नेमकी सुमारें ३६ अंशांवर येते. म्हणून पायाशीं असलेल्या पाण्यांतील गोटे, वाळू आणि शेवाळ स्वच्छ दिसतात, आणि दूरचें पाणी पूर्वीसारखेंच आकाशाचा रंग घेऊन चमकत राहतें. कोनांचें वैषम्य येथेंहि आहेच, पण तें डोळ्यांना खटकत नाहीं. कारण तळ्याच्या कांठीं उभें राहणाऱ्या मनुष्याला पाणी नेहमीं तसेंच दिसतें, जवळ पारदर्शक आणि दूर आरशासारखें. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारच्या विवराच्या कांठावरून पाहिलें असतां तळ्याचें दूरचें पाणी फार तिरप्या कोनांत दिसतें. तेथें सारी चकाकी घालविण्याचा आग्रह धरणें व्यर्थ होय. कांठच्या झाडीचा हिरवेपणा जेवढा सुधारेल, तेवढ्यावर संतोष मानावा.

चकाकी घालविणें आणि प्रतिबिंब घालविणें, हीं दोन निराळीं कामें नाहींत, हें विसरूं नये. पुष्करिणींत उतरलेलें शिखराचें प्रतिबिंब हेंहि परावर्तनच. पानांचा रंग खुलविण्याच्या भरांत कडें फिरविलें आणि जें पाहण्यासाठीं इतक्या दूर यावें तें प्रतिबिंबच पुसलें गेलें, असें होऊं शकतें. इंद्रधनुष्याच्या बाबतींत तर याहून सावध असावें लागतें. सूर्य क्षितिजावर असतांना धनुष्याची पूर्ण कमान ८४ अंश रुंद असते, आणि ती एका चित्रांत मावण्यासाठीं २० मिलिमीटरचें किंवा त्याहून रुंद भिंगच हवें. धनुष्याचा प्रकाश अतिशय ध्रुवित असतो, आणि त्याची दिशा कमानीच्या वळणाबरोबर वळत जाते. म्हणून पोलरायझरनें कमानीचा माथा खुलविला तर दोन्हीं पाय पुसट होतात, आणि पाय खुलविले तर माथा नाहींसा होतो. लहानसा तुकडा घ्यावयाचा असेल, तर या कांचेनें तो तेजस्वी करावा. सबंध धनुष्य घ्यावयाचें असेल, तर कांच तत्काळ काढावी. धनुष्य थांबत नाहीं, आणि विचार करावयास तेवढा वेळ मिळत नाहीं. म्हणून हा निर्णय आधींच पक्का असावा.

कांहीं व्यवहाराच्या गोष्टीहि सांगणें अवश्य आहे. पोलरायझरचें दुहेरी कडें जाड असतें, आणि रुंद भिंगाच्या दृष्टींत तें शिरून चित्राचे चारहि कोपरे काळे करूं शकतें. यासाठीं पातळ कड्याचा पोलरायझर घ्यावा, किंवा मोठ्या व्यासाचा घेऊन तो जोडकड्यानें बसवावा. भिंगावर आधींच एखादी संरक्षक कांच असेल, तर ती काढून मगच हा चढवावा. अतिशय रुंद अशा कांहीं भिंगांची पुढची कांच घुमटासारखी बाहेर आलेली असते. त्यांवर आट्यांची कोणतीच गाळणी बसत नाहीं. दुकानांत ‘सर्क्युलर’ नांवाचा पोलरायझर मिळतो. सर्क्युलर म्हणजे गोल आकाराचा नव्हे. त्याच्या मागील बाजूस आणखी एक पटल असतें, आणि गाळलेला प्रकाश त्यामुळें पुन्हां असा होतो कीं आरशाच्या कॅमेऱ्यांतील प्रकाशमापन व स्वयंचलित फोकस यांची फसगत होऊं नये. आरसा नसलेल्या आजच्या कॅमेऱ्यांना साधा पोलरायझरहि बहुधा चालतो. कोणताहि घेतला, तरी प्रकाश निम्म्यापासून पावापर्यंत कमी होतो. त्यामुळें पहाटे किंवा दाट झाडींत कॅमेरा तिवईवर ठेवावा, अन्यथा चित्र हललेलें येईल. जुन्या कांहीं भिंगांचा पुढचा भाग फोकस करतांना स्वतःच फिरतो. तेथें आधीं फोकस करावा आणि मग कडें लावावें. अनेक चित्रें जोडून एक लांबलचक चित्र करावयाचें असेल, तर पोलरायझर मुळींच वापरूं नये. प्रत्येक तुकड्यांतील आकाश निराळें येऊन सांधे उघडे पडतात.

यावर कोणी विचारील, कीं आज संगणकावर आकाश पाहिजे तेवढें निळें करतां येतें, मग या कांचेचें ओझें कशाला? आकाशापुरती ही शंका बरोबर आहे. रुंद चित्राचें आकाश मागाहून सारखेपणानें गडद करणें हें पुष्कळदां पोलरायझरच्या पट्ट्यापेक्षां बरें. परंतु पानावरील चकाकीखालीं जो रंग झांकला गेला, तो कॅमेऱ्यानें टिपलाच नाहीं. आणि जें टिपलें नाहीं तें संगणक कोठून आणणार? तो कल्पनेनें रंग भरील, पण तो त्या पानाचा रंग नव्हे. तसेंच, पोलरायझरनें पुसलेलें प्रतिबिंबहि मागाहून परत येत नाहीं. ज्या ठिकाणीं पुन्हां जाण्याचा योग येईलच अशी खात्री नसते, आणि बरोबरच्या वडील माणसांना घेऊन जाण्याचा तर क्वचितच येतो, तेथील चित्र घेतांना काय राखावें आणि काय जाऊं द्यावें, हें जागेवरच ठरवावें लागतें.

सारांश, रुंद भिंगावर पोलरायझर चढवितांना प्रवाशानें प्रथम सूर्य कोठें आहे तें पाहावें. आकाश निर्मळ आणि चित्रांत पुष्कळ असेल, तर कांच काढावी किंवा तिचा जोर अर्धाच घ्यावा. पुढें पान, ओला कातळ किंवा उथळ पाणी असेल, तर ती निःशंकपणें वापरावी. कडें एकदां पूर्ण वर्तुळ फिरवून प्रत्येक जागीं काय दिसतें आणि काय नाहींसें होतें, तें स्वस्थपणें न्याहाळावें. आणि तरीहि मन साशंक राहिलें, तर एक चित्र पोलरायझरसह आणि एक त्याच्यावांचून, अशीं दोन चित्रें घेऊन मगच पुढच्या वाटेला लागावें.